वेठ गेली, आता सेवा कोणती?

“आमचा मुलगा महाविद्यालयात शिकण्यासाठी पाठविला आहे, की गावाची चावडी झाडण्यासाठी?” हा प्रश्न आपल्या समाजातील अनेक आईबापांच्या मनात उभा राहतो. एखादा तळमळीचा प्राध्यापक विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन खेड्यात शिबिरास निघतो, रस्ता दुरुस्त करणे, विहिरीचा परिसर स्वच्छ करणे, वस्तीची पाहणी करणे अशी कामे काढतो. आणि पहिल्याच पिढीत कॉलेजची पायरी चढलेला आपला मुलगा घरी येऊन आठ दिवसांची परवानगी मागतो. आई गप्प राहते. बाप मात्र विचारतो, की ज्या झाडूपासून सुटका व्हावी म्हणून तुला शिकविले, तोच झाडू तुझा सर तुझ्या हाती कसा देतो?

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे समजून जो प्राध्यापक तो हसण्यावारी नेईल, त्याला आपल्या समाजाचा इतिहास ठाऊक नाही असेच म्हणावे लागेल. आणि हा प्रश्न ऐकून जो प्राध्यापक शिबिरच रद्द करील, त्याने आपल्या धम्माचा विचार केला नाही असेही म्हणावे लागेल. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट, क्रमाक्रमाने दिले पाहिजे. आज महाविद्यालयांतून समाजसेवेला अभ्यासक्रमात स्थान मिळू लागले आहे. १९६९ साली सदतीस विद्यापीठांत सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना आता देशभर पसरली आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सामाजिक सहभागाच्या कामाला श्रेयांक देण्याची पद्धतही रूढ होत आहे. तेव्हा आपली मुले सेवेच्या कामात पडणार की नाहीत, हा आता प्रश्नच उरला नाही. ती पडणारच आहेत. ती कोणत्या भावनेने, कोणत्या अटींवर आणि कोणासाठी पडणार, एवढेच ठरवावयाचे आहे.

सेवा या शब्दाचा आपला अनुभव

चातुर्वर्ण्याने सेवा हे सर्वांचे व्रत कधीच मानले नाही. वरच्या तीन वर्णांची सेवा हा शूद्राचा धर्म ठरविला, आणि त्याच्याही खाली ढकललेल्या अस्पृश्याच्या वाट्याला जी सेवा आली, तिला तर धर्माचे नावही शोभण्याजोगे नव्हते. महाराने चावडी झाडावी, सरकारी कामगाराचे ओझे वाहावे, सारा भरण्यासाठी रयतेला बोलावून आणावे, गावातील मयताची बातमी उन्हापावसात परगावी पोचवावी, मेलेले ढोर ओढावे. आणि या सर्वांबद्दल मजुरी मागू नये. मोबदला म्हणून तुटपुंज्या वतनी जमिनीचा तुकडा आणि बलुत्याचे धान्य. ते धान्यही हक्काने नव्हे, तर दारोदार हात पसरून मिळावयाचे. १८७४ च्या वतन कायद्याने या गुलामगिरीवर सरकारी शिक्का मारला. घरातील एका माणसाने नव्हे, तर सर्व घराने चोवीस तास गावाच्या आणि सरकारच्या हाकेला उभे राहावे अशी ती व्यवस्था होती.

या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ च्या मार्च महिन्यात मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले. ते त्या वेळी पार पडू शकले नाही. पुढे तीस वर्षांनी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ साली कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला. म्हणजे धर्मांतर आधी झाले आणि वतन कायद्याने नंतर गेले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरास ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांतील कित्येकांनी गावी परतल्यावर मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले, आणि त्याबद्दल बहिष्कार सोसला. ते काम नाकारणे हीच त्यांच्या दीक्षेची पहिली कृती होती. अशा घरातील म्हाताऱ्या आजोबांना नातवाच्या हातातील झाडू पाहून धक्का बसला, तर तो धक्का पवित्र मानला पाहिजे. त्या धक्क्यामागे एका समाजाची लढाई उभी आहे.

येथे आपल्या राज्यघटनेने आखलेली रेषा पाहण्यासारखी आहे. तेविसावे कलम वेठबिगारीला मनाई करते. परंतु त्याच कलमाचा दुसरा भाग सांगतो, की सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्याला सक्तीची सेवा लावता येईल. मात्र ती लावताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांच्या कारणावरून भेद करता येणार नाही. घटनाकारांनी सेवा टाकून दिली नाही; सेवेला चिकटलेली जात तेवढी कापून काढली. ज्या सेवेत ब्राह्मणाचा मुलगा, मराठ्याचा मुलगा, मुसलमानाचा मुलगा आणि बौद्धाचा मुलगा एकाच फावड्याला आळीपाळीने हात लावतात, ती सेवा वेठ होऊ शकत नाही. आणि ज्या सेवेत भाषण एकाचे, छायाचित्र दुसऱ्याचे आणि घमेले आपल्याच मुलाच्या डोक्यावर असते, ती विद्यापीठाच्या शिक्क्याने चालली तरी वेठच होय.

एका प्राध्यापकाचे उदाहरण

अध्यापकाने समाजकार्यात किती पडावे, याविषयी आपल्याकडे दोन मते आढळतात. एक म्हणते, की प्राध्यापकाचे काम वर्गात. बाकी उद्योग त्याचे नव्हेत. दुसरे म्हणते, की समाजाची हाक आल्यावर वर्ग सोडून बाहेर पडावे. या वादात आपण ज्यांचा दाखला घ्यावयाचा, ते स्वतःच प्राध्यापक होते, याचा आपणांस विसर पडतो.

बाबासाहेब १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२० च्या मार्चपर्यंत तेथे होते. अवघी सोळा महिन्यांची ही नोकरी. लंडनचा अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पैसा साठवावा, हा तिचा उघड हेतू होता. त्यांच्या तासाला इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही येऊन बसत, अशी त्या वर्गाची ख्याती होती. अशा माणसाने “मी माझा विषय शिकवितो, एवढे पुरे” असे म्हटले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु त्याच सोळा महिन्यांत, १९१९ च्या जानेवारीत, त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची साक्ष दिली. आणि १९२० च्या ३१ जानेवारीस ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढले. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव लावता येत नव्हते, तरी पाक्षिक निघाले. वर्गातील अर्थशास्त्र आणि वस्तीतील दैन्य ही त्यांच्या दृष्टीने दोन वेगळी जगे नव्हती. एकात त्यांना सिद्धांत मिळत होता आणि दुसऱ्यात त्या सिद्धांताची कसोटी.

पुढे १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिच्या वतीने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरास विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. वसतिगृहात मुलांना दोन घास आणि निवारा मिळाला एवढ्यावर ते थांबले नाही. तेथील विद्यार्थ्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक काढले. ज्याच्यासाठी सेवा केली, तोच लगेच दुसऱ्यासाठी काही करू लागला. सेवेचे खरे माप हेच आहे. घेणारा जेथे कायमचा घेणाराच राहतो, तेथे सेवेच्या नावाने नवे बलुते सुरू झाले आहे असे समजावे.

१९२८ साली शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापक झालेले बाबासाहेब १९२९ साली सरकारी चौकशी समितीचे सभासद म्हणून खानदेशात फिरत होते. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरील एका गावी अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावी आले. स्टेशनावरून महारवाड्यात नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. महाराला टांग्यात बसवून हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. शेवटी एकाने टांगा दिला, पण हाकावयास तो आला नाही. आपल्या नेत्याने पायी चालत येऊ नये, एवढ्यासाठी महारवाड्यातील एक बांधव, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती, लगाम हाती घेऊन बसला. नदीवरील पुलावर अपघात झाला, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

या प्रसंगातून जातीचा निर्दयपणा दिसतो, हे आपण नेहमी सांगतो, आणि ते खरेच आहे. अपघाताचा दोष त्या टांगेवाल्यांच्या जात्यभिमानाकडेच जातो. परंतु सेवेचा विचार करताना त्यातून आणखी एक गोष्ट शिकता येते. त्या बांधवाच्या प्रेमात तिळभर उणीव नव्हती. उणीव होती ती सवयीची, शिक्षणाची. आणि ती उणीव जातिव्यवस्थेनेच त्याच्यावर लादली होती. प्रेम असले तरी हात तयार नसला, तर ज्याची सेवा करावयाची त्यालाच इजा होते. म्हणून सेवेला शिक्षण लागते, आणि ते देणे हे अध्यापकाचे काम आहे. नुसत्या उत्साहाने भरलेली पन्नास मुले वस्तीत सोडून देणारा प्राध्यापक वस्तीवर उपकार करीत नाही.

धम्म काय सांगतो

कोणी म्हणेल, धम्म हा मनाच्या शुद्धीचा मार्ग आहे. त्यात विद्यार्थ्यांच्या शिबिराचा संबंध कोठे? बाबासाहेबांना हा प्रश्न पडला होता. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी जे चार प्रश्न मांडले, त्यांतील चौथा भिक्खूविषयी आहे. भिक्खू निर्माण करण्यात तथागतांचा हेतू एक परिपूर्ण माणूस घडविण्याचा होता, की लोकांच्या सेवेस वाहिलेला, त्यांचा मित्र आणि मार्गदर्शक असा समाजसेवक घडविण्याचा होता? केवळ परिपूर्ण माणूस घडवावयाचा असेल, तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, असा त्यांचा रोखठोक अभिप्राय आहे. धम्माचे भवितव्य या एका प्रश्नावर अवलंबून आहे, इतके महत्त्व त्यांनी त्याला दिले.

विनयपिटकातील कथा आपण विहारात ऐकतोच. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. तथागतांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले, स्वतः त्याच्या अंगावर पाणी घातले, आनंदाने त्यास धुतले, आणि दोघांनी उचलून त्यास बिछान्यावर निजविले. मग संघास बोलावून सांगितले, की तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? माझी सेवा करण्याची ज्याला इच्छा आहे, त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

येथे घाण साफ करणारा कोण आहे, ते पाहावे. शाक्यकुळातील राजपुत्र आणि त्याचा चुलतभाऊ. घाण साफ करणारी एक जात असते, या कल्पनेचाच निकाल त्या एका कृतीने लागला. हे उदाहरण आपल्या मुलांना सांगितले पाहिजे, पण त्याहून अधिक ते आपल्या मुलांबरोबर शिबिरास येणाऱ्या सवर्ण मुलांना सांगितले पाहिजे. आपल्या मुलाला झाडू नवा नाही. त्यांना नवा आहे. ज्या शिबिरात तो त्यांच्या हाती पहिल्यांदा आला, त्या शिबिराने समतेचे थोडे तरी काम केले.

शिकणे कोठे होते?

आता सेवा आणि शिक्षण यांचा सांधा कसा जुळवावा, याचा विचार करू. शिबिरात खड्डे खणले, झाडे लावली आणि परत आलो, एवढ्याने पदवीच्या विद्यार्थ्याचे ज्ञान वाढत नाही. आणि पुढच्या उन्हाळ्यात ती झाडेही बहुधा राहत नाहीत. सेवा अशी हवी, की जी त्याच विषयाच्या विद्यार्थ्याला चांगली करता येईल, आणि जी करताना त्याला त्याचा विषय अधिक कळेल.

आपल्याच वस्तीचे एक उदाहरण घेऊ. आज बौद्ध कुटुंबाला मुलाच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी जातीचे प्रमाणपत्र आणि त्यावर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० या दिनांकापूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा शोधावा लागतो. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यांनी शाळेचा दाखला कोठून आणावा? मग जन्म-मृत्यूची नोंद असलेल्या कोतवाल बुकाची नक्कल शोधावी लागते. ही नोंद तहसीलच्या अभिलेख कक्षात, जीर्ण कागदावर आणि बऱ्याच ठिकाणी मोडी लिपीत असते. घरात ती वाचणारा कोणी नाही. दलाल पैसे मागतो. प्रवेशाची मुदत टळते आणि हुशार मुलीचे वर्ष जाते.

आता कल्पना करा, की इतिहासाच्या एका प्राध्यापकाने आपल्या दहा विद्यार्थ्यांना मोडी शिकविली, अर्ज कसा करावा ते शिकविले आणि महिन्यातून दोन शनिवार त्यांना अशा कुटुंबांबरोबर अभिलेख कक्षात पाठविले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून चांगले प्रात्यक्षिक कोणते? त्याला मूळ साधन वाचता येईल, गावगाड्याची नोंद कशी होत असे ते कळेल, आपल्या पूर्वजांच्या नावापुढे कारकुनाने काय लिहिले आहे ते त्याच्या डोळ्यांना दिसेल. आणि एका कुटुंबाचा हक्क मार्गी लागेल. यालाच सेवेतून शिक्षण म्हणावे.

नवदीक्षित कुटुंबांना तर अशा साहाय्याची फारच गरज आहे. १९५६ नंतर दीक्षा घेतलेल्यांच्या केंद्र सरकारकडील सवलती धर्मांतराच्या कारणाने गेल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्या अखत्यारीत त्या दिल्या. पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे आपल्या पिढीने धम्मासाठी हा तोटा सोसला. आजही दीक्षेनंतर कागदावर काय लिहावे, धर्माच्या रकान्यात काय आणि जातीच्या रकान्यात काय, याविषयी घरोघरी गोंधळ असतो. शाळेत नाव घालताना घाईने केलेली एक चूक पंधरा वर्षांनी मुलाला नडते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी विहारात महिन्यातून एक रविवार बसून हे कागद तपासून दिले, तर त्यांना संविधान आदेशाचा इतिहास पाठ करावा लागणार नाही. तो त्यांना आपोआप समजेल.

हीच गोष्ट इतर विषयांची. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने बचत गटाच्या बायकांना कर्जावरील खरे व्याज काढून दाखवावे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीने वस्तीच्या नळाचे पाणी तपासून त्याचा निष्कर्ष ग्रामसभेपुढे ठेवावा. भूगोलाच्या विद्यार्थ्याने गायरानावरील भूमिहीनांच्या कसणुकीचा नकाशा करावा. म्हणजे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी तुरुंग का भरले, ते त्याला पुस्तकाशिवाय कळेल. मराठीच्या विद्यार्थ्यांनी वस्तीतील वृद्ध स्त्रियांकडून बाबासाहेबांवरील जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्याव्यात. त्या स्त्रियांना अक्षर येत नाही. पण त्या ओव्यांत जो इतिहास आहे, तो त्यांच्यानंतर कोणाजवळ राहणार नाही. येथे शिकविणारी ती म्हातारी आहे आणि शिकणारा पदवीधर. सेवा कोण कोणाची करतो, हे ठरविणेही मग कठीण होते. आणि तसे ते व्हावे हेच उत्तम.

औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले, आणि त्याला मिलिंदाचे नाव मिळाले; परिसर नागसेनवन झाला. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू. चर्चेपूर्वी नागसेनाने राजाला अट घातली होती, की तू राजासारखा नव्हे, पंडितासारखा वाद करणार असशील तरच बोलू. कारण राजाला विरोध सहन होत नाही. वस्तीत जाणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाने आणि विद्यार्थ्याने ही अट स्वतःस घालून घ्यावी. पदवीचा रुबाब वेशीबाहेर ठेवावा आणि मग प्रश्न विचारावेत.

चार कसोट्या

मुलाला परवानगी द्यावी की न द्यावी, हे ठरविताना आईबापांनी चार प्रश्न विचारावेत. आणि ते विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

पहिला: या कामात सर्व जातींची आणि सर्व धर्मांची मुले आहेत काय, आणि स्वयंपाक, झाडलोट, हिशेब, भाषण ही सर्व कामे सर्वांकडे आळीपाळीने जातात काय? मुलींच्या वाट्याला केवळ भाकरी आणि रांगोळी येत नाही ना?

दुसरा: हे काम कोणाच्या मजुरीवर घाला घालीत नाही ना? नगरपालिकेने पगारी माणसे नेमून करावयाचे काम विद्यार्थ्यांकडून फुकट करून घेणे, ही सेवा नव्हे. गटारात माणूस उतरविण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला आहे. ते काम यंत्राने व्हावे असा आग्रह धरणे आणि त्यासाठी अर्ज करणे, ही तेथील विद्यार्थ्यांची सेवा होय.

तिसरा: या कामातून मुलगा त्याच्या विषयात काय शिकणार? याचे उत्तर प्राध्यापकाला दोन वाक्यांत देता आले पाहिजे.

चौथा: विद्यार्थी निघून गेल्यावर वस्तीजवळ काय उरणार? कोणी अर्ज लिहावयास शिकले काय, कोणाचा हक्क मिळाला काय, वाचनालय कोणी चालवू लागले काय? की केवळ भिंतीवर फलक उरला?

या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर मुलाला आनंदाने पाठवावे. अभ्यास बुडेल ही भीती मोठी करू नये. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाकाठी १२० तासांचे काम असते, म्हणजे आठवड्याला अडीच तासही भरत नाहीत. मात्र जो विद्यार्थी सकाळी वर्तमानपत्रे टाकून वा रात्री दुकानात काम करून शिकतो, त्याच्यावर प्राध्यापकाने जादा भार टाकू नये. त्याचे जगणे हीच त्याची पहिली परीक्षा आहे. आणि केवळ प्रमाणपत्रासाठी वा वाढीव गुणांसाठी नाव घालून घरी बसणाऱ्या मुलाला आईबापांनीच जाब विचारावा. खोट्या सहीने मिळविलेली सेवा ही शीलाचा भंग आहे. पंचशील घेतलेल्या घरात ती चालू नये.

समाजाचे ऋण आणि समाजाचे कर्तव्य

१९५६ च्या मार्चमध्ये आग्रा येथे बोलताना बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी खेद व्यक्त केला. शिकून हे लोक समाजाची सेवा करतील ही आशा फोल ठरली, अशी ती वेदना होती. हे भाषण आपण दरवर्षी आठवतो, आणि बहुधा नोकरदारांना नावे ठेवण्यापुरतेच आठवतो. परंतु नोकरीच्या तिसाव्या वर्षी कोणाच्या मनात एकाएकी सेवाभाव उत्पन्न होत नाही. तो विसाव्या वर्षी, वर्गात आणि वस्तीत, हाताला वळण लागून यावा लागतो. ते वळण लावणारा प्राध्यापक हा आग्र्याच्या त्या खंतीचे उत्तर तयार करीत असतो.

असे प्राध्यापक आज आहेत; थोडे आहेत, पण आहेत. त्यांतील कित्येक तासिका तत्त्वावर नेमलेले असतात. शिकविलेल्या तासाचे तेवढे पैसे. सुटीत काही नाही, आणि वस्तीत घालविलेल्या रविवारची नोंद कोणत्याही हजेरीपटात होत नाही. बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात. त्यांनी मार्गी लावलेल्या मुलांचे अर्ज कोणी मोजीत नाही. सवर्ण प्राध्यापकाने हे केले तर त्याला समाजसेवक म्हणतात. आपल्या प्राध्यापकाने केले तर तो जातीचे राजकारण करतो असे कुजबुजतात. अशा माणसाच्या पाठीशी समाजाने उभे राहिले पाहिजे. विहाराची खोली त्याच्या वर्गासाठी उघडावी. धम्मवर्गानंतरचा एक तास त्याच्या विद्यार्थ्यांना द्यावा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पाणी, औषधे आणि पुस्तके घेऊन उभे राहणारे तरुण आपल्याला दिसतात. त्या एका दिवसाची शिस्त वर्षाच्या इतर रविवारी आपल्या वस्तीत उतरविता येईल काय, याचा विचार प्रत्येक विहार समितीने करावा.

शिक्षकाने सेवेत किती झिजावे, याला महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले यांच्याइतका थोर दाखला नाही. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांना त्याच रोगाने गाठले, आणि १० मार्चला त्यांचा अंत झाला. त्या शिक्षिका होत्या. पण आपले काम शाळेच्या दारापाशी संपते असे त्यांनी मानले नाही. प्रत्येक अध्यापकाने प्राण द्यावा असे कोणी म्हणत नाही. महिन्याचे दोन रविवार द्यावेत, एवढेच मागणे आहे.

तेव्हा नवदीक्षित बंधुभगिनींनो, मुलाच्या हातात झाडू पाहून तुमचे मन दुखावले, तर ते दुखणे लपवू नका. प्राध्यापकाला घरी बोलवा, चार प्रश्न विचारा, तुमच्या आजाने कोणती वेठ केली ते त्याला आणि त्याच्या विद्यार्थ्यांना सांगा. तो पाठ त्यांना दुसरीकडे कोठेही मिळणार नाही. आणि उत्तरे पटली, तर मुलाबरोबर मुलीलाही पाठवा. आपण वेठ नाकारली ती सत्तेच्या धाकाने होत होती म्हणून. मैत्री आणि करुणा यांच्या प्रेरणेने, समान माणूस म्हणून समान माणसासाठी केलेले काम नाकारण्याचे आपल्याला कारण नाही. ज्यांच्याकडून शतकानुशतके सक्तीने सेवा घेतली, त्यांनीच स्वतंत्र माणसाची सेवा कशी असते ते या देशाला दाखवून द्यावे, एवढा अधिकार आपल्या धम्माने आपल्याला दिला आहे. तो अधिकार आपली मुले वापरोत.

जय भीम! भवतु सब्ब मंगलम्!